डीबगएफएसला -क्यू ऑप्शन घालायचाय, ते व्हर्जनचं बॅनर डोक्यात गेलंय

गाळा_नंबर_१४

नमस्कार मंडळी. साकीनाक्याला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही कोल्ड स्टोरेजवाल्यांना तापमानाचे लॉगर बनवून देतो. लॉगरमध्ये एसडी कार्ड, कार्डावर ईएक्सटी४ (फाईली मांडून ठेवायची लिनक्सची पद्धत, म्हणजे फाइलसिस्टिम). महिन्याला कार्डं कुरियरने गाळ्यावर येतात, मी त्यांच्या इमेज (अख्ख्या कार्डाची एका फाईलमध्ये नक्कल) काढून ठेवतो आणि रात्री एक स्क्रिप्ट त्या इमेजमधून लॉगची फाईल बाहेर काढते. सर्व्हरवर इमेज माउंट करायला, म्हणजे डिस्कसारखी जोडायला, रूट (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागतं आणि ते मला कुणी देत नाही, म्हणून डीबगएफएस (अशा फाइलसिस्टिमच्या आत डोकावायचं टूल), कारण साध्या इमेज फाईलवर ते रूटशिवाय चालतं. कमांड अशी:

डीबगएफएस -आर "डंप /व्हार/लॉग/टेम्प.सीएसव्ही ./टेम्प.सीएसव्ही" कार्ड.आयएमजी

आता गंमत बघा. इमेजमध्ये ती फाईलच नसली तरी एक्झिट कोड शून्य, म्हणजे "सगळं ठीक". फक्त एसटीडीएररवर (एरर छापायची वेगळी वाट) "फाईल नॉट फाउंड बाय ईएक्सटी२_लुकअप" असं येतं. म्हटलं ठीक, एसटीडीएरर रिकामं नसेल तर एरर धरू. तर तेही नाही, कारण हे बाबाजी प्रत्येक वेळी सुरू होताना "डीबगएफएस १.४६.५ (३०-डिसेंबर-२०२१)" ही ओळख एसटीडीएररवरच छापतात! मग वैतागून मी एसटीडीएरर सरळ डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, सोडलं आणि तिथेच माती खाल्ली, मागच्या आठवड्यात एका कार्डात फाईल नव्हती, फोल्डरमध्ये आधीच्या कार्डाची सीएसव्ही तशीच पडली होती, आणि नाशिकच्या द्राक्षवाल्याला भिवंडीच्या गोदामाचं तापमान रिपोर्टमध्ये गेलं. त्याचा फोन आला की आमचं युनिट उणे अठराला कधीपासून चालतंय. साहेबांनी सगळ्यांसमोर धुतला.

तर ठरवलं की सोर्सच उचलायचा आणि बॅनर बंद करणारा -क्यू टाकायचा, एमकेई२एफएसला (फाइलसिस्टिम बनवायचं टूल) आहेच की तसा. डीबगएफएस.सी उघडली, मोठ्या आर ची नक्कल करून ऑप्शनच्या स्ट्रिंगमध्ये क्यू आणि कोलन टाकलं, स्विचमध्ये केस टाकली. कंपाइल झालं. चालवलं तर बॅनर तर येतंच, वर "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी" म्हणतंय आणि मग प्रॉम्प्ट देऊन माझ्या तोंडाकडे बघत बसतंय. सी कॉलेजनंतर पहिल्यांदाच हातात घेतलीय, हसू नका.

मुलुंड_चेकनाका

हसलो, पण थोडंच :) कोलन काढ भावा. गेटऑप्टच्या (कमांडचे ऑप्शन वाचणारं फंक्शन) स्ट्रिंगमध्ये अक्षरापुढे कोलन असलं की त्याचा अर्थ ह्या ऑप्शनला पुढे काहीतरी खायला लागतं. मोठ्या आर ला लागतं, कारण त्याच्यापुढे तुझी कमांड असते. तू क्यू ला पण कोलन दिलंस, मग त्याने शेजारचा "-आर" च गिळला. आता उरलं काय, "डंप बिंप" ही अख्खी ओळ आणि इमेजचं नाव. त्यातलं पहिलं तो डिव्हाइस समजून उघडायला गेला, म्हणून नो सच फाईल. आणि रिक्वेस्ट मिळालीच नाही म्हणून प्रॉम्प्ट.

बॅनरचं कारण वेगळं. मेन मध्ये नीट बघ, तो एफप्रिंटएफ गेटऑप्टच्या लूपच्या आधी आहे. म्हणजे तुझा क्यू वाचला जाईपर्यंत बॅनर छापून मोकळा. एक क्वाएट नावाचा इंट घे, शून्य ठेव, केस क्यू मध्ये एक कर, आणि बॅनरची ओळ लूपच्या खाली नेऊन इफ-नॉट-क्वाएट मध्ये घाल.

आणि हो, डीबगएफएसच्या आतल्या ओपन कमांडचं वेगळं गेटऑप्ट आहे, तिथे पण टाकावं लागेल बहुतेक.

कांदेपोहे_एक्स्ट्रा_शेव

एवढं कशाला, ग्रेप -व्ही मारून ती ओळ गाळ आणि सहा बावीसची लोकल पकड.

सायन_सर्कल

मुलुंडकर, ओपनमध्ये नको. तिथे -डब्ल्यू, -सी, -बी असे फाइलसिस्टिम कशी उघडायची ते सांगणारे ऑप्शन परत घेतात, कारण आत बसूनही दुसरी इमेज उघडता येते. बॅनरचा त्याच्याशी संबंध काय, तो एकदाच येतो, प्रोग्राम सुरू होताना.

पण बॅनर नुसतं खाली नेलंस तर दुसरीकडे फुटेल. मोठा -व्ही देऊन बघ, तो स्वतः फक्त "युझिंग ईएक्सटी२एफएस लायब्ररी व्हर्जन" एवढीच ओळ छापतो आणि लूपमधूनच एक्झिट घेतो. डीबगएफएसचं स्वतःचं व्हर्जन जे वर दिसतं ते त्या बॅनरच्या जिवावर. बॅनर खाली गेलं की -व्ही ने व्हर्जनच दिसणार नाही, म्हणजे ज्या कामासाठी तो ऑप्शन आहे तेच गेलं. तेव्हा केस -व्ही मध्येही तीच ओळ छाप. मी असंच एकदा दुसऱ्या टूलमध्ये करून ठेवलेलं आणि तीन महिन्यांनी कळलं, कारण व्हर्जन कोण बघतंय रोज.

दुसरं, ऑप्शनची स्ट्रिंग तिथे दोनदा आहे, एक नेहमीची आणि एक इफडेफ रीड-ओन्ली खाली, आरडीबगएफएस म्हणून लिहिता न येणारी आवृत्ती बनते तिच्यासाठी. दुसरीत -डब्ल्यू नाही, -झेड नाही. क्यू दोन्हीकडे टाक. नाहीतर एकात चालेल, दुसऱ्यात "इनव्हॅलिड ऑप्शन". युसेजची ओळ आणि मॅन पेज पण लगेहाथ बदलून घे, नंतर कुणी करत नाही.

जुना_ऑपरेटर

सगळं वाचलं. पॅच कर, शिकशील, चांगलंच आहे. पण तुझं दुखणं बॅनरचं नाहीये बाळा, तू आजच्या रिकाम्या पानावर कालचं उत्तर वाचलंस ते आहे. -क्यू असता तरी उद्या दुसऱ्या कुठल्या रस्त्याने हेच झालं असतं.

डंप कसं चालतं बघ. आधी इमेजमध्ये नाव शोधतो, सापडलं नाही तर तिथूनच परत फिरतो, तुझ्या बाजूची फाईल उघडतच नाही. म्हणजे फाईल नव्हती तेव्हा त्याने तुझ्या जुन्या सीएसव्हीला हातही लावला नाही, ती जशीच्या तशी राहिली. तेव्हा प्रत्येक कार्डाला वेगळा रिकामा फोल्डर, निदान डंपच्या आधी आरएम -एफ. डंप झाल्यावर टेस्ट -एस, फाईल आहे आणि रिकामी नाही एवढं बघायचं. एक्झिट कोडच्या नादी लागू नकोस, -आर ने दिलेली कमांड आतमध्ये फसली तर ती वरपर्यंत काही सांगतच नाही, त्या फंक्शनांचा रिटर्न टाइपच व्हॉइड आहे.

आणि उद्या एका फाईलऐवजी अख्खा लॉग फोल्डर हवा म्हणून आरडंप लावशील, तेव्हा बघ काय होतं. आरडंप प्रत्येक फाईलचा मालक इमेजमधल्यासारखा करायला जातो, तू रूट नाहीस, मग फाईलगणिक "ऑपरेशन नॉट परमिटेड व्हाइल चेंजिंग ओनरशिप". फाईल नीट उतरलेली असते, फक्त कटकट. तिथे तुझी "एसटीडीएरर रिकामं म्हणजे सगळं ठीक" ही टेस्ट क्यू असूनसुद्धा आडवी होणार. फेकरूटखाली (रूट असल्याचं नाटक करणारं टूल) चालवलंस तर ती कटकट जाते.

एक विनंती. सवयीने -डब्ल्यू लावू नकोस कधी. वाचायला लागत नाही, न देता उघडलं की डीबगएफएस रीड-ओन्लीच असतं. आमच्या परळच्या ऑफिसात एका पोराने चालू डिस्कवर, माउंट असताना, -डब्ल्यू लावून एक फाईल उडवलेली, कर्नलला पत्ताच नाही. रात्री साडेअकराला एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करायचं टूल) चालवत बसलेलो, आणि खाली चहावालासुद्धा बंद.

गाळा_नंबर_१४

आभार सगळ्यांचे. कोलन काढलं, बॅनर खाली नेलं, -व्ही मध्ये परत छापलं, दोन्ही स्ट्रिंगा बदलल्या. चालतंय! "डीबगएफएस -क्यू -आर" दिल्यावर स्क्रीनवर काहीच येत नाही हे बघून एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

जुन्या ऑपरेटर काकांचं पण ऐकलं, स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कार्डाला नवा फोल्डर आणि टेस्ट -एस. काल रात्री ४१ कार्डांपैकी दोन लाल आली. एकात फाईल आहे पण शून्य बाईटची, एकात नावच नाही. दुसऱ्यात "एलएस -एल /व्हार/लॉग" केलं तर टेम्प.सीएसव्ही.१ दिसली, म्हणजे लॉग फिरवताना (जुनी फाईल .१ करून नवी सुरू करताना) लॉगरची बॅटरी गेली असणार, नवी फाईल बनलीच नाही. ती डंप केली, डेटा सगळा आत. म्हणजे द्राक्षवाल्याचं कार्डही परत बघायला हवं, कदाचित त्याचंही तसंच.

आता हा पॅच वर, म्हणजे मूळ प्रोजेक्टला, पाठवायचा म्हटलं तर टेस्ट पण लागेल ना? ई२एफएसप्रॉग्जच्या (डीबगएफएस ज्या पॅकेजात येतं ते) टेस्ट्स फोल्डरमध्ये डी_ ने सुरू होणाऱ्या बऱ्याच आहेत, त्यातली एक कॉपी मारून करतोय. पण विचित्र आहे, मुद्दाम -क्यू काढून चालवली तरी पास होतेय.

सायन_सर्कल

तू कॉपी मारलेल्या स्क्रिप्टमध्ये आउटपुट फिल्टर.सेड मधून जातंय का बघ. त्यात व्हर्जनची ओळ उडवायचा नियम आहे, नाहीतर प्रत्येक रिलीजला त्यांच्या सगळ्या एक्स्पेक्ट (अपेक्षित आउटपुटच्या) फाईली बदलाव्या लागल्या असत्या. तुझं बॅनर तिथे गायब होतंय, क्यू असो वा नसो. ह्या एका टेस्टला फिल्टर लावू नकोस, कच्चं आउटपुट तपास. आणि कमिटला साइन्ड-ऑफ-बाय (तुझ्या सहीची ओळ) विसरू नकोस, त्याच्याशिवाय घेत नाहीत.

कांदेपोहे_एक्स्ट्रा_शेव

म्हणजे ते स्वतः पण ती ओळ सेडने उडवतात 😂 मी काय वेगळं सांगितलेलं

गाळा_नंबर_१४

फिल्टर काढला, आता क्यू शिवाय फेल होतेय, बरोबर. द्राक्षवाल्याचं कार्ड पण बघितलं, .१ निघाली. उद्या सकाळी साहेब यायच्या आत रिपोर्ट परत पाठवतो.