सोसायटी ग्रुप: डी-विंगचा पत्रा, गच्चीवरचं पाणी आणि वादळाची तयारी

सोनवणे ताई (डी-१०३): काल संध्याकाळच्या वाऱ्यात डी-विंगच्या गच्चीवरचा पत्रा परत फडफडला. पश्चिमेची कड मोकळी झालीय, खालूनसुद्धा दिसते. बरोबर खाली मुलांचा झोपाळा आहे. त्यात अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झाल्याची बातमी. मीटिंगमध्ये ठरलेलं पत्रा पक्का करायचं काम कधी होणार?

चौधरी भाऊ (सेक्रेटरी): ताई, दोन कोटेशन आली आहेत. तिसरं आलं की कमिटी बघेल.

वाणी (सी-२०१): जळगावला कुठला समुद्र? वादळ किनाऱ्यावर येतं. इथपर्यंत पोहोचेस्तोवर त्यात काही उरत नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

पाटील आप्पा (ए-४०३): वाणीभाऊ, जोर कमी होतो, संपत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि उत्तर महाराष्ट्रातूनच विदर्भाकडे सरकलं. सप्टेंबर २०२१ चं गुलाब तर बंगालच्या उपसागरातून आलं. २६ तारखेला आंध्र-ओडिशा किनारा ओलांडला, उरलेला भाग मराठवाडा-गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला आणि तिथे त्याचं शाहीन नावाचं नवं वादळ झालं. दोन्ही समुद्रांच्या वादळांची वाट आपल्या अंगणातून जाऊ शकते.

देवरे बापू (बी-१०२): आप्पांनी वेधशाळा उघडली आज. राम राम आप्पा.

पाटील आप्पा (ए-४०३): राम राम बापू. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. हवामान खातं चार टप्प्यांत सूचना देतं. ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा. चौथी सूचना किनारा ओलांडण्याच्या किमान १२ तास आधी निघते. वादळ जमिनीवर आल्यावर कुठल्या दिशेने जाईल आणि आतल्या भागात काय होईल, ते तिच्यात असतं. खान्देशासाठी कामाची तीच, आणि टीव्हीवर तीच कोणी दाखवत नाही.

सोनवणे ताई (डी-१०३): आणि पत्र्याचं?

महाजन नाना (ए-२०१): वारा किती धरायचा पण?

पाटील आप्पा (ए-४०३): डिप्रेशन म्हणजे कमी दाबाचा पट्टा जोर धरतो तेव्हा ताशी ३१ ते ५० किमी, त्याच्या पुढच्या डीप डिप्रेशनमध्ये ६२ पर्यंत. त्याच्या वर चक्रीवादळ. ६० च्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण १७ किलो. दहा फूट बाय साडेतीन फुटी पत्र्यावर तो ५५ किलोच्या आसपास होतो, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन १५ किलोच्या आत. कडेला खालून वारा शिरला की वरून ओढ लागते, त्यामुळे उचल आणखी वाढते. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट.

कोल्हे (बी-३०१): पत्र्यावर विटा ठेवल्यात ना पण. दर वर्षी ठेवतो.

पाटील आप्पा (ए-४०३): विटा आजच उतरवा. पत्रा हलला की विटा आधी खाली येतात. पत्रा खालच्या लोखंडाला धरून ठेवणारे जे-हूक बघा. हूक सहसा तुटत नाही, त्याचा वायसर (वॉशर) सडतो. मग भोक लांबट होतं आणि पत्रा हुकाच्या डोक्यावरून निघून येतो. मोठा चपटा वायसर, त्याखाली रबर, भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच. काठाच्या पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला) प्रत्येक पन्हळीत हूक, मधल्या पर्लिनला एकाआड एक चालेल. बाइंडिंग वायरवर विसंबू नका. आणि लांबट झालेलं जुनं भोक तसंच ठेवून त्यावर नवा वायसर बसवू नका, बाजूला नवं पाडा.

चौधरी भाऊ (सेक्रेटरी): आप्पा, माहितीबद्दल आभार. पण खर्चाचं बोला. डी-विंगचा मेंटेनन्स चार महिने थकलाय, तोही विषय या निमित्ताने घ्यायला हरकत नाही.

सोनवणे ताई (डी-१०३): चौधरी भाऊ, थकबाकी तीन फ्लॅटची आहे, सगळ्या डी-विंगची नाही. आणि पत्रा खाली आला तर मेंटेनन्सची पावती बघून पडणार नाही.

देवरे बापू (बी-१०२): कसाले भांडतस भो. आधी गच्चीच्या जाळ्या साफ करा.

नारखेडे (सी-४०१): बापूंचं ऐका. आपली गच्ची ५००० फूट. तासाला १०० मिमी पाऊस पडला तर ४६ हजार लिटर पाणी. पाइप चार, प्रत्येकी चार इंची, आणि दोनांच्या तोंडाशी कायम कडुनिंबाची पानं. सहा इंच पाणी तुंबलं की स्लॅबवर ७० टन वजन. जाळी काढून टाकू नका, पाइपात पानं गेली की बेंडमध्ये अडकतात. घुमटासारखी उंच जाळी लावा, सपाट जाळी एका पिशवीने बंद होते. शिवाय पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) फरशीपासून तीन-चार इंचांवर एक जादा भोक ठेवा. बाकीचे तुंबले तरी पाणी तिथून पडेल आणि खालच्याला दिसेल.

वाणी (सी-२०१): पाणी पाडायचं तर दुसरीकडे, आमच्या पार्किंगवर नको. मागच्या खेपेला मीच बोललो होतो, कोणी ऐकलं नाही.

कोल्हे (बी-३०१): पार्किंगचं निघालंच आहे तर गुलमोहराखाली गाडी कोण लावतं तेही सांगू का?

वाणी (सी-२०१): जागा द्या, काढतो.

चौधरी भाऊ (सेक्रेटरी): कृपया ग्रुपवर वैयक्तिक बोलू नका. गुलमोहराच्या वाळलेल्या फांद्यांसाठी महापालिकेकडे अर्ज करतो. परवानगी येईपर्यंत त्याखाली कोणीच गाडी लावायची नाही.

सोनवणे ताई (डी-१०३): पत्र्याचं काय ठरलं?

बऱ्हाटे (ए-१०१): टाक्या भरून ठेवायच्या की रिकाम्या?

नारखेडे (सी-४०१): भरून. हजार लिटरची रिकामी टाकी साधारण २५-३० किलोची, वारा तिला लोटतो. भरली की एक टन. रिकामी सरकली तर आउटलेटची युनियन (पाइपाचा जोड) तुटते आणि वीज आल्यावर पंप चालू केला की पाणी जिन्यातून वाहतं. झाकण तारेने बांधा. सोलर हीटरची टाकीही भरलेली हवी.

झांबरे (डी-३०२): गच्चीच्या सोलर पॅनेलचं सांगतो. क्लॅम्पचे नट पान्याने तपासून घ्या, कोपऱ्यातले चार आधी. मेन बंद केला म्हणजे पॅनेल बंद झालं असं नाही, उजेड असेपर्यंत डीसी वायरमध्ये वीज असते. पॅनेल फुटलं किंवा वायर पाण्यात पडली तर हात लावू नका, डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करून बसवणाऱ्यालाच बोलवा. लिफ्ट पाऊस वाढायच्या आधी दुसऱ्या मजल्यावर उभी करून मेन बंद करायची. खड्ड्यात पाणी साचलं आणि लिफ्ट खाली उतरली तर केबल आणि बफर (तळाची धक्का झेलणारी स्प्रिंग) दोन्ही भिजतात.

देवरे बापू (बी-१०२): भले भो. हाई कामनं बोलनं.

महाजन नाना (ए-२०१): माझ्या रावेर-यावलच्या भावंडांसाठी दोन ओळी. घड आलेल्या केळीला बांबूचा टेकू किंवा पॉलिप्रॉपिलिनची दोरी. पाणी तुंबलं की मुळं ढिली होतात आणि कमी वाऱ्यातही झाड पडतं, म्हणून चर आधी मोकळे करा. तयार घड असतील तर वाट बघू नका, काढा. विमा असेल तर नुकसान ७२ तासांत कळवा, फोटो बाग साफ करायच्या आधी. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की तापीकाठी पंप आणि मोटारी वर काढायला वेळ थोडा मिळतो, म्हणून विसर्गाची सूचना रोज बघा.

वाणी (सी-२०१): नाना, हा सोसायटीचा ग्रुप आहे.

महाजन नाना (ए-२०१): निम्म्या सोसायटीच्या घरी बाग आहे वाणीसाहेब.

सोनवणे ताई (डी-१०३): पत्र्याचं काय ठरलं?

चौधरी भाऊ (सेक्रेटरी): ताई, ठरलं. तिसऱ्या कोटेशनची वाट बघत नाही. उद्या सकाळी ९ ला फॅब्रिकेटर येतोय. झोपाळ्याची जागा आजच दोरी लावून बंद करतोय. नारखेडे आणि झांबरे गच्चीवर असावेत ही विनंती.

झांबरे (डी-३०२): येतो. मीटर रूमची किल्ली वॉचमनजवळ एक आणि बऱ्हाटेंकडे एक असू द्या. महावितरणसाठी १९१२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ नोटीस बोर्डावर लिहा. तार तुटलेली दिसली तर दहा मीटर लांब राहून फोन, काठीने बाजूला करायची नाही.

बऱ्हाटे (ए-१०१): खालच्या टाकीत पावसाचं पाणी शिरलं तर?

नारखेडे (सी-४०१): गढूळ झालं असेल तर रिकामी करून धुवा, मग भरा. नंतर ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला अडीच ग्रॅम. आपल्या २० हजार लिटरला ५० ग्रॅम. बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी टाकीत ओता, खालचा चुना टाकू नका. तासभर थांबूनच वापरा. पावडर ताजी घ्या, उघडं पाकीट वर्षभर पडलं तर त्यात क्लोरीन फारसं उरत नाही.