बोडी आणि ऱ्हायोलाइट एकाच वीकेंडला?

खडकवेडा: आम्ही सहा जण, दोन गाड्या. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातलं बोडी, म्हणजे ओस पडलेलं जुनं खाणगाव, नक्की. एकजण म्हणतो नेवाड्यातलं तसंच ओसाड गाव ऱ्हायोलाइटही त्यातच कोंबा. शिवाय दोघांना खाणीच्या आत शिरायचंय! काय सांगू त्यांना?

डोंगरवाट: कोंबू नका. दोन्हींमधला अर्धा दिवस गाडीतच जाईल. बोडीलाच निवांत वेळ द्या. १९६२ पासून ते राज्य उद्यान आहे. घरं दुरुस्त करून नवी करत नाहीत, फक्त कोसळू देत नाहीत. खिडक्यांना नाक लावून आत बघा: टेबलं, बाटल्या, धूळ, सगळं जागच्या जागी. हे मला कुठल्याही चकाचक संग्रहालयापेक्षा आवडतं. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, वर पेट्रोल नाही, खायला नाही. उंची अडीच हजार मीटरच्या वर, म्हणजे ऑक्टोबरातही हुडहुडी. बर्फ पडला तर रस्ता बंद, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा. आणि खिळासुद्धा उचलायचा नाही, गुन्हा आहे.

खाणकरी: त्या दोघांना स्पष्ट नाही म्हणा. जुन्या बोगद्यात प्राणवायू कमी असू शकतो, नाकाला पत्ताच लागत नाही. लाकडी टेकू कुजलेले, उभे खड्डे अंधारात दिसत नाहीत. हौसच असेल तर गाइड असलेली खाण शोधा.

डोंगरवाट: ऱ्हायोलाइटला वेगळे जा. १९०६ चं बाटल्यांचं घर आणि बँकेचा सांगाडा उन्हं उतरताना बघा.

खडकवेडा: ठरलं, फक्त बोडी. दोघे रुसलेत, पण येतायत.