तो तरस, ती तरस की ते तरस?

निशाचर : ठिपकेवाल्या तरसांवरचा लेख मराठीत आणतेय. कळपाची म्होरकी मादी, नरापेक्षा थोराड. बाहेरून आलेल्या नराला तिच्या पिल्लांपुढेही दबून राहावं लागतं. मी लिहिलं, 'ती तरस गुरगुरली.' संपादकांनी केलं, 'ते तरस गुरगुरले.' बाईंचा रुबाबच उतरला की!

आडवाट : 'तो'च. तरस आला म्हणतात, आलं नाही.

जुनी वही : आमची आजी 'ते' म्हणायची. अनेकवचन करून बघा, 'चार तरस' की 'चार तरसं'? मला दुसरं सहज येतं. आणि 'ती' धरलंत तर 'तरसेने' म्हणावं लागेल. म्हणून बघा मोठ्याने.

निशाचर : म्हटलं. नको.

बोरूबहाद्दर : हायना लिहा आणि मोकळ्या व्हा. ती हायना, हायनाने.

जुनी वही : घरचा शब्द असताना उसना कशाला?

बोरूबहाद्दर : टेबल, पेन, बस चालतात, हायनानेच काय घोडं मारलं?

पिंपळपान : तरस म्हणजे मांसासाठी तरसणारा. आमचे मास्तर सांगायचे.

जुनी वही : मास्तरांना नमस्कार, पण नाही. संस्कृत तरक्षु, प्राकृत तरच्छ. इक्षुचा ऊस, कुक्षीची कूस, तसा तरक्षुचा तरस.

बोरूबहाद्दर : 'तसा तरस'? आजीचं 'ते' कुठे गेलं? :)

जुनी वही : ऊस पुल्लिंगी, त्याच्या ओघात आलं. तरस ते ते.

आडवाट : मी एकदाच पाहिलाय, आपला पट्टेवाला. गाडीच्या उजेडात पुढून उंच, मागून बसका. पाठीवरची आयाळ ताठ केली आणि बघता बघता दुप्पट झाला, मग आवाज न करता झुडपात. हसला वगैरे नाही. हसतो तो ठिपकेवाला. सकाळी तिथेच खडूसारखी पांढरी विष्ठा दिसली, हाडं पचवतो ना. नर की मादी, देव जाणे.

पिंपळपान : कुत्र्याचीच जात ना ही?

निशाचर : दिसायला तशी, पण गोत्र मुंगूस-मांजरांकडचं.

पिंपळपान : म्हणजे जे मांजराच्या जवळचं त्याच्या नावात मांजर नाही, आणि खवल्या मांजर, पाणमांजर ही मांजरंच नाहीत!

बोरूबहाद्दर : पाणमांजराला ऊद म्हणा. खोकडाला कोल्हा म्हणणाऱ्या अनुवादकांकडून एवढी अपेक्षा जास्तच आहे म्हणा.

निशाचर : मी खोकडच लिहिते हं! असो, लेख उद्या द्यायचाय. तूर्त 'मादी गुरगुरली' करून तरस गाळलंय.

आडवाट : गाळला.

पिंपळपान : खोकड तो की ते?