रावळगावच्या गोळ्या, हॅलोविनच्या गोळ्या आणि त्यांच्या जुन्या जाहिराती

प्रश्न: गंगापूर रोडचा वाचक

माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ हॅलोविनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरला भुताखेतांची सोंगे घेऊन साजऱ्या होणाऱ्या सणाच्या, गोळ्या-चॉकलेटांच्या जुन्या जाहिराती जमवतात. मासिकांतून कापलेली पाने, पुठ्ठ्याची खोकी, दुकानात टांगायचे फलक असे बरेच काही त्यांच्याकडे आहे. तिने पाठवलेली छायाचित्रे पाहिल्यापासून मला प्रश्न पडला आहे. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या गोळ्या, पान पसंद आणि मँगो मूड आपण सर्वांनी लहानपणी खाल्ल्या. मग त्यांच्या जाहिरातींचा असा संग्रह कोणाकडे का आढळत नाही? तिकडे हे सारे एका सणाभोवती कसे जमले आणि आपल्याकडे तसे का झाले नाही? ‘आता ती चव राहिली नाही’ एवढ्यावरच चर्चा थांबू नये, ही विनंती.

उत्तर 1: कॉलेज रोडवरील निवृत्त प्राध्यापक

गोळ्या आणि हॅलोविन यांचे नाते तिकडेही वाटते तेवढे जुने नाही. आज त्या सणाची खूण मानली जाणारी ‘कँडी कॉर्न’, म्हणजे मक्याच्या दाण्याच्या आकाराची पिवळी, नारिंगी आणि पांढरी गोळी, 1880 च्या दशकात फिलाडेल्फियात तयार झाल्याचे मानले जाते. पुढे गोलिट्झ कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर बनवली, तेव्हा ती ‘कोंबड्यांचे खाद्य’ या गमतीदार नावाने विकली जाई आणि खोक्यावर कोंबडा छापलेला असे. ग्राहक बहुतांशी शेतीशी संबंधित असल्याने ही कल्पना चालून गेली. भुताखेतांचा त्यात मागमूसही नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात तेथे साखरेचे रेशनिंग होते आणि ते 1947 पर्यंत टिकले. ते उठल्यावर मुलांनी घरोघर जाऊन खाऊ मागण्याची प्रथा शहरांबाहेरच्या नव्या वसाहतींत झपाट्याने पसरली. तोवर घरोघरी फळे, दाणे, घरची बिस्किटे किंवा सुटी नाणी दिली जात. उत्पादकांनी ही संधी ओळखली आणि ऑक्टोबरच्या जाहिरातींत भोपळे व चेटकिणी अवतरल्या. पुढे 1970 च्या दशकात घरगुती खाऊविषयी पालकांच्या मनात भीती बसली, त्यामुळे कारखान्यात बंद झालेले वेष्टनच सुरक्षित मानले जाऊ लागले. आपल्या मुलीचे शेजारी जी पाने जपत आहेत, त्यांनीच त्या सणाचे आजचे रूप बऱ्याच अंशी घडवले, असे माझे मत आहे.

उत्तर 2: रविवार कारंजावरचा दुकानदार

आमचे किराणा दुकान वडिलांच्या काळापासूनचे आहे, म्हणून गल्ल्याच्या बाजूने सांगतो.

रावळगाव हे मालेगाव तालुक्यातले गाव. वालचंद हिराचंद यांनी 1933 साली तेथे साखरेची कंपनी काढली आणि 1942 पासून गोळ्यांचे उत्पादन सुरू झाले. साखर हाताशी होती, त्यामुळे गोळ्यांकडे वळणे व्यवहाराला धरूनच होते. कडक गोळीत साखर आणि ग्लुकोजचा पाक सोडला तर फारसे काही नसते. पाक इतका आटवायचा की त्यात पाणी जेमतेम उरते. मग तो थोडा निवला की रंग आणि स्वाद मिसळून, दोरासारखा ओढून तुकडे पाडायचे. पाणी कमी असल्यामुळेच पावसाळ्यात हवेतली ओल ती गोळी लगेच शोषून घेते. आषाढात बरणीचे झाकण सैल राहिले, तर तळाच्या गोळ्या कागदासकट एकमेकींना चिकटत, आणि वडील त्या सुटवून घरच्या मुलांत वाटून टाकत. आम्ही त्या चिकटण्याची वाटच पाहत असू, हे त्यांना ठाऊक असावे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे गोळी सणासुदीला म्हणून खपत नसे. ती वर्षभर सुट्या पैशांच्या जागी खपत असे. चार-आठ आणे परत द्यायला नसले की गिऱ्हाइकाच्या हातावर गोळ्या ठेवायच्या, हा सर्वमान्य व्यवहार होता, जरी काही गिऱ्हाइके त्यावरून वाद घालत (आणि त्यांचे चुकत नसे). अशा मालाला खोके नसते, म्हणून खोक्यावरचे चित्रही नसते. गोळ्या मोठ्या पाकिटातून येत आणि पाकीट फोडून बरणीत ओतले की रद्दीत जाई.

जाहिरात लक्षात राहिली ती दूरदर्शनवरची. पान पसंदच्या जाहिरातीत ‘शादी? और तुमसे? कभी नहीं!’ हे वाक्य आधी फटकारून म्हटले जाई आणि गोळी तोंडात गेल्यावर तेच वाक्य लाडिक सुरात येई. दहा-वीस सेकंदांत गोळीचा गुण सांगणारी इतकी नेमकी कल्पना मी नंतर क्वचितच पाहिली. पार्लेच्या मेलडीची जाहिरातही अशीच प्रश्न विचारून मोकळी होई आणि उत्तर खाणाऱ्यावर सोडून देई. पण आवाज आणि सूर कापून वहीत कसे चिकटवणार? संग्रह नसण्याचे मुख्य कारण मला हेच वाटते.

उत्तर 3: इंदिरानगरच्या एक आजी

वरील म्हणण्यात एक दुरुस्ती सुचवते. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत लहान मुलांचे बोरन्हाण होते, त्यात बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलव्याबरोबर गोळ्याही मुलाच्या डोक्यावरून ओतल्या जातात, आणि त्या वेचायला सारी आळी धावते. आमच्या घरी त्यासाठी रावळगावच्याच गोळ्या आणल्या जात. गोळ्यांना सण होता. मात्र त्याची जाहिरात करावी असे कोणाला सुचल्याचे मी तरी पाहिले नाही.

उत्तर 4: छापखान्यात काम केलेला सभासद

छापील जाहिराती अगदीच नाहीत असे मानू नये. त्या शोधण्याची जागा वेगळी आहे. आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा 1909 पासूनची आहे, आणि जाहिरातींशिवाय दिवाळी अंक सहसा निघत नाही. 1840 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जुने अंक पाहायला मिळतात का, याची चौकशी आपण अवश्य करावी आणि मलपृष्ठांपासून सुरुवात करावी, कारण रंगीत छपाईचा खर्च बहुधा तेथेच केला जाई. पान कापू नये, सपाट ठेवून छायाचित्र घ्यावे. घरी जुनी वेष्टने सापडली, तर साखरेचा अंश कोरड्या मऊ कापडाने पुसून ती उन्हापासून दूर ठेवावीत. मुंग्या आणि ऊन हे त्यांचे दोन वैरी आहेत.

घाई करण्याचे कारणही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नाममुद्रा आणि पाककृती रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने 27 कोटी रुपयांना घेतल्या. जमीन आणि यंत्रसामग्री मूळ कंपनीकडेच राहिली. नाव आणि कारखाना असे वेगळे झाले की जुने कागद कोणी सांभाळायचे, हा प्रश्न अधांतरी राहण्याची शक्यता असते. कारखान्यात काम केलेली मंडळी मालेगावच्या बाजूला असतीलच. त्यांच्याकडे जुनी वेष्टने किंवा दरपत्रके असल्यास त्यांची छायाचित्रे येथे द्यावीत. ती वर्षवार लावून देण्याचे काम मी करीन.