किमोनोत कात्रीला फारसं काम नाही
'चार दिवसांच्या गावाकडच्या कार्यशाळेत किमोनो, म्हणजे जपानी पारंपरिक पोशाख, कुणाला बेतता येणार?' असं कुणीतरी म्हटलं, ते मला पटलं नाही. बेतणं हाच सोपा भाग. कापडाचा पन्हा जेमतेम 36 ते 38 सेंटिमीटर, लांबी साधारण 12 मीटर. सरळ रेषेत आठ तुकडे, काखेला गोलाई नाहीच. जादा कापड छाटत नाहीत, आत दुमडतात.

घाम निघतो तो हातशिलाईत. जपानमधल्या नागानोजवळच्या एका गावात मी दोन दिवस नुसता धावदोरा घालत बसले होते. सुई जवळजवळ स्थिर, कापडच दोन्ही हातांनी खालीवर हलवायचं! माझे टाके वाकडे. शिकवणाऱ्या आजींनी काही न बोलता दोरा ओढला, सगळं सर्रकन उसवलं. शिवण अशी उसवता यायलाच हवी म्हणे, कारण पूर्वी किमोनो धुवायचा तर आधी उसवत, तुकडे पुन्हा जोडून ताणून वाळवत आणि मग परत शिवत.