लगूनमध्ये पाण्याखाली सतत तडतड कशाची? आणि बिळाच्या तोंडाशी बसलेला मासा कोणता?

ओली_काच: लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या आडोशाच्या उथळ समुद्रात, छातीएवढ्या पाण्यात स्नॉर्कलिंग करत होते. कान बुडाले की सुक्या काटक्या पेटल्यासारखी तडतड सुरू, डोकं वर काढलं की बंद. शिवाय वाळूत एक बीळ दिसलं. तोंडाशी बोटभर मासा नुसता बसून, आणि आतून कोणीतरी वाळू ढकलत बाहेर आणतंय. मी हात हलवला, दोघेही गडप! शेजारी हातभर लांब, काळं, वाळूने माखलेलं काहीतरी पडलं होतं. तेही जिवंत होतं का?

खारा_वारा: तडतड करणारे आणि वाळू उपसणारा एकाच कुळातले. पिस्टल श्रिम्प, म्हणजे कोळंबीचाच एक प्रकार. गोंगाट बहुतेक प्रवाळांच्या फटींत राहणाऱ्यांचा. एक नांगी मोठी असते, ती इतक्या झपाट्याने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो. तो फुटतो तेव्हा आवाज होतो. नांगी आपटल्याचा नव्हे, हे 2000 साली हाय-स्पीड कॅमेऱ्याने दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्यांना याच गोंगाटाने हैराण केलं होतं.

तुमचा मासा गोबी. कोळंबीला जेमतेम दिसतं, म्हणून बाहेर आली की ती एक मिशी माशाला टेकवून ठेवते. धोका वाटला की गोबी शेपटी थरथरवतो आणि ती आत पळते. बीळ खणायचं काम तिचं, पहाऱ्याचं याचं. लोक रंगीत माशांमागे धावतात. मला विचाराल तर लगूनमध्ये याहून बघण्यासारखं काही नाही.

वाळूचा_कण: काळं ते समुद्रकाकडी. जिवंतच. वाळू गिळते, तिच्यातलं सेंद्रिय तेवढं पचवते, उरलेली मागून टाकते. श्वासही मागच्याच बाजूने घेते! उचलू नका. काही जाती घाबरल्या की चिकट धागे सोडतात, ते हाताचे लवकर निघत नाहीत.

ओली_काच: बापरे! गोबीला न घाबरवता जवळून कसं बघायचं?

खारा_वारा: थोडं लांबच तरंगत राहा, पायातले फिन (पोहायचे वल्हेवजा बूट) अजिबात मारू नका. आधी मासा डोकावेल, मग बऱ्याच वेळाने मिशी. तोवर खाली पाय टेकायचा मोह आवरा. वाळूत स्टिंगरे (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दडलेला असू शकतो, आणि दगड समजून स्टोनफिशवर पाय पडला तर पाठीच्या काट्यांतलं विष भयंकर दुखतं.