अनुभव धागा: अनोका गावचा हॅलोविन

धागाकर्ती: अमेरिकेत मिनेसोटातलं अनोका, रम नदी मिसिसिपीला मिळते तिथलं गाव, स्वतःला 'हॅलोविनची जागतिक राजधानी' म्हणवतं. या थाटाचं मूळ आहे वैतागात! पोरं हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाच्या रात्री गाई सोडून मेन स्ट्रीटवर हाकलायची, खिडक्यांना साबण फासायची, परसातले संडास उलथवायची. शेवटी १९२० मध्ये जॉर्ज ग्रीन आणि गावच्या कारभारी मंडळींनी मिरवणूक काढली, पोरांना पॉपकॉर्न, शेंगदाणे, गोळ्या वाटल्या, मोठी शेकोटी पेटवली. महायुद्धातली १९४२ आणि ४३ ही वर्षं चुकली, बाकी प्रथा टिकली. कोण कोण गेलंय? लिहा.

चिपळूणचा, सध्या मिनीॲपोलिस: अहो, हा तर आमचा शिमगा! होळीसाठी आम्ही एकदा शेजाऱ्यांच्या पडवीतला बाक पळवला होता. मार खाल्ला. शेंगदाणे कुणी वाटले नाहीत.

पुणेकर: राजधानी कुणी ठरवली?

धागाकर्ती: त्यांनीच, कोण ठरवणार! १९३७ मध्ये हॅरल्ड ब्लेअर नावाचा बारा वर्षांचा पेपर टाकणारा पोरगा वॉशिंग्टनच्या सहलीला निघाला, त्याच्याकडे 'अनोका हीच हॅलोविनची राजधानी' असा जाहीरनामा दिला. स्वेटरच्या पाठीवरही हॅलोविनचं चिन्ह.

प्लिमथहून: आमचे मामंजी आले होते. शेजारच्या हिरवळीवर थडगी आणि सापळे बघून म्हणाले, "यांचा पितृपक्ष उशिरा येतो का गं?" ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी त्यांना अनोकाच्या मोठ्या मिरवणुकीला नेलं. घडीच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन दोन तास बसले. शेरा: "भुतं कमी, बँडच जास्त."

कून रॅपिड्सवाली: अनोकाला लागूनच राहते. लग्न होऊन आले ते १९९१ साल. हॅलोविन म्हणजे काय ते धड ठाऊक नाही, आणि ३१ ऑक्टोबरला बर्फ सुरू झाला. हे कामावर अडकलेले. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर एक चेटकीण, एवढीशी. जाड जाकिटामुळे वेष काही दिसेना, टोकदार टोपी तेवढी कळत होती. वेष करून दारी येणाऱ्या पोरांना त्या दिवशी गोळ्या द्यायच्या असतात, पण घरात गोळ्या नव्हत्या. दिवाळी तोंडावर होती, म्हणून शंकरपाळे केले होते. पिशवीत मूठभर टाकले आणि रात्रभर घोर लागला, आई हिची काय म्हणेल? तीन दिवसांत २८ इंच बर्फ पडला, आमचं दार उघडेना. रस्ते मोकळे झाल्यावर पोर परत आली. टोपी नव्हती, पिशवी मात्र आणली होती.